व्हिडिओ गेमवरचे सिनेमे आणि मागे उभं राहून बघणारे

रामबागकर

बरेच दिवस डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. धागा लांबला तर लांबू दे.

२०२५च्या एप्रिलमध्ये मुलाला घेऊन 'अ माइनक्राफ्ट मूव्ही' बघायला गेलो होतो. पोरगा तेव्हा अकरा वर्षांचा. इंदूरच्या थिएटरात मी खूप गोंगाट ऐकलाय. सपना-संगीताला पडद्यावर नाणी उडताना बघितलेली आमची पिढी. पण त्या दिवशीचा गोंगाट वेगळाच होता. कोंबडीवर बसलेलं एक छोटं झॉम्बी आलं आणि अर्धं थिएटर एका सुरात ओरडलं, "चिकन जॉकी!" मला काही कळलं नाही, पण मजा आली.

खरी गोष्ट पुढे आहे. एका प्रसंगात डोक्यावर मुकुट घातलेलं एक डुक्कर येतं. क्षणभराचंच. माझ्या मुलाने माझं मनगट घट्ट धरलं. मी वळून बघितलं तर डोळ्यांत पाणी. घरी येताना स्कूटरवर मागून त्याने सगळं सांगितलं. टेक्नोब्लेड नावाचा एक यूट्यूबर होता, तो माइनक्राफ्ट खेळायचा आणि त्याचं चित्र म्हणजे मुकुट घातलेलं डुक्कर. २०२२मध्ये कॅन्सरने गेला, वय जेमतेम तेवीस. ते डुक्कर म्हणजे त्याची आठवण.

माझा मुलगा स्वतः फार खेळत नाही. तो दुसऱ्यांना खेळताना बघतो. यावरून मी त्याला कितीदा रागावलोय, "अरे, खेळायचं तर स्वतः खेळ, दुसऱ्याचं काय बघत बसतोस!" त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मीही तेच केलंय.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एक पार्लर होतं. टोकन एक रुपयाचं. आम्ही पाच-सहा जण जायचो आणि खिशात सगळ्यांचे मिळून तीन रुपये. म्हणजे खेळणारा एक आणि मागे उभे राहणारे पाच. मल्हारगंजचा एक मुलगा होता, तो मुस्तफा नावाचा गेम एका टोकनात शेवटपर्यंत न्यायचा. (गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३चा. पण पिवळ्या टोपीवाल्या हिरोच्या नावाने आपल्याकडे सगळे त्याला मुस्तफाच म्हणायचे.) त्याच्या खांद्यावरून बघताना माझ्या हातात काहीही नसायचं, तरी तळहाताला घाम यायचा. ती सगळी लढाई मला अजून पाठ आहे आणि मी ती एकदाही खेळलेलो नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तीस वर्षं गेमवरचे बरेच सिनेमे फसत राहिले, कारण बनवणाऱ्यांनी फक्त जॉयस्टिक धरलेल्या माणसाचा विचार केला. त्याला जे हवंय ते सिनेमा देऊच शकत नाही, त्याला हातात काहीतरी हवंय. पण त्याच्या मागे उभं राहून बघणारा पहिल्यापासून प्रेक्षकच होता. सिनेमा त्याच्यासाठी काढायचा. आता जे सिनेमे चालताहेत, ते त्याला ओळखणारे आहेत.

तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्यापैकी मागे उभं कोण कोण राहिलंय?

पारिजात

मी. भावाच्या मागे. दहा वर्षं.

जेलरोड_मेकॅनिक

हौ भिया, आम्हीही.

नव्वदच्या दशकात काकांच्या दुकानात बसायचो, नॉव्हेल्टी मार्केटपासून दोन पावलांवर. सामुराई आणि मीडिया कंपन्यांच्या, टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेम दुरुस्तीला यायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर रांग. बहुतेकांचं दुखणं एकच असायचं, कॅसेटच्या पिना काळ्या पडलेल्या. पोरं तोंडाने फुंकर मारायची आणि गेम चालू व्हायचा, म्हणून फुंकरीवर सगळ्यांचा विश्वास. खरं तर फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या, एवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या आणखी खराब व्हायच्या. काका खोडरबराने घासायचे.

तर मारिओ, गेममधला उड्या मारत पळणारा प्लंबर. १९९३चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेमवरून काढलेला पहिला मोठा इंग्रजी सिनेमा. आमच्याकडे तो पुढे केबलवर आला. मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. सगळे आमच्या घरी जमले. सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत पोरं एकमेकांकडे बघायला लागली. निळं आभाळ नाही, हिरवे पाइप नाहीत, ती धून नाही. अंधारं, ओलं, गंजलेलं शहर आणि त्यात डायनोसॉरपासून झालेली माणसं. बॉब हॉस्किन्ससारखा नट मारिओ होता, पण त्याच्याकडे उड्या मारायला जागाच नव्हती. चार कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि अमेरिकेत त्याच्या निम्मेच आले. हॉस्किन्सने पुढे स्वतःच सांगितलं की आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम ते.

त्यांची अडचण मला समजते. मारिओला गोष्ट नाहीच. राजकन्या पळवली, ती आणायची, संपलं. म्हणून त्यांनी गोष्ट बाहेरून आणली आणि ती बसवायच्या नादात मारिओच बाहेर राहिला.

तीस वर्षांनी २०२३मध्ये परत काढला, यावेळी कार्टून. मारिओ ज्याने घडवला तो मियामोतो स्वतः निर्मात्यांत होता. गोष्ट पूर्वीइतकीच छोटी ठेवली. पण पहिल्या काही मिनिटांतच मारिओ आणि त्याचा भाऊ लुईजी ब्रुकलिनच्या रस्त्यावरून पळत सुटतात आणि कॅमेरा बाजूने चालतो, डावीकडून उजवीकडे, गेममध्ये चालायचा तसा. कामाला निघालेला प्लंबर मचाणावरून, खांबावरून उड्या मारत जातो. तिथेच मी खुर्चीत पुढे सरकलो. १३६ कोटी डॉलर कमावले त्याने. रामबागकर दादांचं म्हणणं मला पटतं, पण त्यात माझी एक भर. मागे उभा राहणारा गोष्ट बघत नव्हता, तो चाल बघत होता. उडी कशी मारतो, कुठे थांबतो. ती चाल पडद्यावर आली पाहिजे.

पारिजात

मेकॅनिक दादा, 'चाल' हा शब्द फार नेमका वापरलात. गाण्याची चाल, चालण्याची चाल आणि खेळातली चाल.

मी नाटकाच्या बाजूने लिहिते. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांना मी लहानपणापासून जाते, आधी आजीबरोबर, आता सासूबाईंबरोबर. मला हा प्रश्न गेमपुरता वाटत नाही. संगीत नाटक पडद्यावर नेतानाही हेच होतं. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं १९६७ला, सिनेमा झाला २०१५ला. सिनेमा मला मनापासून आवडला. पण नाटकातली एक गोष्ट सिनेमात येऊ शकत नव्हती, ती म्हणजे वन्स मोअर. आजी सांगायची, एकेका पदाला दोन-दोन, तीन-तीन वन्स मोअर. गोष्ट तिथेच थांबायची, मरायला टेकलेलं पात्रसुद्धा उठून परत गायचं आणि त्यात कोणाला काही खटकायचं नाही. पुढे कधी जायचं ते प्रेक्षक ठरवायचे.

गेममध्ये खेळणारा हेच करतो. एकच दरी चाळीस वेळा. पडला, पुन्हा. पडला, पुन्हा. एकेचाळिसाव्या वेळी पार झाल्यावर जो आनंद होतो, तो आधीच्या चाळीस पडण्यांतून आलेला असतो. सिनेमातला हिरो ती दरी एकदाच पार करतो. त्याला दुसरी संधी नाही, म्हणून आपल्यालाही तो आनंद नाही. मला वाटतं दुखणं इथे आहे.

म्हणून गेमची सगळ्यात जवळची चव मला ज्या सिनेमात मिळाली, तो कोणत्याच गेमवरून काढलेला नाही. 'रन लोला रन', १९९८चा जर्मन सिनेमा. वीस मिनिटांत पैसे आणायचेत, नाहीतर मित्राचा जीव जाईल. ती धावते, जमत नाही, पुन्हा पहिल्यापासून धावते. तीन वेळा. दर खेपेला थोडं वेगळं.

सुदामानगर_बी

पारिजात ताई, तुमच्या पोस्टमुळे लॉगिन केलं. मी फक्त वाचणाऱ्यांतला.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्हाला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मिळाला. जुनाच होता तेव्हाही. मूळ गेम १९८९चा, जॉर्डन मेक्नर नावाच्या एका मुलाने जवळजवळ एकट्याने केलेला. त्याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला, लटकायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चित्र बघून प्रिन्सची हालचाल काढली. म्हणून तो प्रिन्स वजनदार वाटतो. पळत पळत थांबवला तर दोन पावलं घसरून थांबतो. हात सुटला की पोटात खड्डा पडतो. मेकॅनिक दादा म्हणतात ती चाल म्हणजे हीच, एका खऱ्या माणसाची.

आणि त्यात आरशाचा प्रसंग आहे. वाटेत एक आरसा येतो, दुसरा रस्ताच नाही. पळत येऊन आरशात उडी मारायची. आपण आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूने आपलीच सावली निघून पळून जाते. मग पुढे ती सावली छळत राहते. औषधाची बाटली समोर दिसते, ती आधी पिऊन टाकते. दार तोंडावर बंद करते. शेवटी समोर उभी ठाकते, तलवार उपसून. तुम्ही तिला मारलं की रक्त तुमचं कमी होतं. आम्ही लॅबमध्ये तिथे किती वेळा मेलो असू! मग एका मुलीने मागून सांगितलं, "तलवार आत ठेव ना." ठेवली. सावलीनेही ठेवली. दोघं एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले.

ती मुलगी मागे उभी होती, रामबागकर काका. खेळत मी होतो.

२०१०मध्ये सिनेमा आला. तो २००३च्या 'सँड्स ऑफ टाइम' गेमवर होता, पहिली पटकथा स्वतः मेक्नरने लिहिलेली. त्या २००३च्या गेममध्येही एक फार देखणी युक्ती होती. सगळा गेम म्हणजे प्रिन्स कोणालातरी सांगत असलेली गोष्ट. आपण दरीत पडून मेलो की प्रिन्सचाच आवाज येतो, "नाही, नाही, असं नव्हतं झालं," आणि गोष्ट मागे जाते. ताईंचा वन्स मोअर त्यांनी गोष्टीतच विणला होता! सिनेमात काळ मागे नेणारा खंजीर आला, पण गोष्ट सांगण्याची ही तऱ्हा आली नाही. आरसा तर नाहीच. जेक जिलेनहालच्या उड्या चांगल्या आहेत, वाईट सिनेमा नाही तो. पण मला अजून वाईट वाटतं. एवढं हाताशी होतं.

खजुरीबाजार

वाचतोय. आरशाचं वाचून अंगावर काटा आला, मी तिथेच सोडून दिला होता गेम. आज कळलं पुढे काय करायचं होतं.

एकटा_खेळाडू

मी थोडा विरोधात बोलतो, राग मानू नका.

गेमवर सिनेमा हवाच कशाला? आपण सगळे असं बोलतोय जणू सिनेमा होणं म्हणजे गेमला बढती मिळणं. मला हे पटत नाही. गेम ही स्वतःच पूर्ण कला आहे.

'द लास्ट ऑफ अस'चं उदाहरण देतो. गेम २०१३चा, मालिका २०२३ची. जग उद्ध्वस्त झालंय, एक खचलेला बाप आणि एक पोरकी मुलगी चालत चाललेत. शेवटाकडे एका पडक्या इमारतीत त्यांना जिराफ दिसतात, शहराच्या मधोमध शांतपणे पाला खाणारे. गेममध्ये तुम्ही कठड्याला टेकून उभे राहता आणि तिथून हलायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर असतं. मी किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. माझे वडील जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. पुढे गेलो की गोष्ट संपणार हे माहीत होतं, म्हणून मी उभा राहिलो. माझ्यामुळे ती मुलगीही उभी राहिली.

मालिकेत तो प्रसंग आहे. त्यांनी खरा जिराफ आणला होता, फार सुंदर घेतलाय. पण तो किती वेळ चालणार ते दिग्दर्शकाने ठरवलं. माझ्या उभं राहण्याला तिथे जागा नव्हती. मागे उभं राहणाऱ्याला तो जिराफ मिळाला असेल, मला मिळाला तो वेगळा होता.

'डूम'च्या सिनेमात (२००५) पाचेक मिनिटं कॅमेरा थेट नायकाच्या डोळ्यातून आहे, हातात बंदूक, गेमसारखंच. गेमच्या सर्वांत जवळ जायचा प्रयत्न, आणि तिथेच मला सर्वांत जास्त जाणवलं की माझ्या हातात काही नाही.

रामबागकर

एकटा_खेळाडू, राग कसला. तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

तुम्ही म्हणता ते मी मान्य करतो. तो जिराफ तुमचाच, तो कोणी पडद्यावर आणू शकत नाही. मी 'बढती' म्हणत नाही. पण ज्याच्या हातात कधीच काही येणार नाही, अशा माणसाचं काय? त्याच्यापर्यंत ती गोष्ट कशी जाणार?

तुळशीवृंदावन

मी बहात्तर वर्षांची आहे, लोकमान्य नगरला राहते. नातीने हा धागा दाखवला आणि म्हणाली, आजी तूच लिही. मराठी टायपिंग तिने शिकवलंय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी आयुष्यात एकही गेम खेळले नाही. नात ती 'लास्ट ऑफ अस' बघत होती, मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. पहिले दोन भाग मला नकोसे झाले, फार मारामारी. तिसरा भाग लागला. दोन पुरुष, बिल आणि फ्रँक. एक एकलकोंडा, घराभोवती तारा लावून बसलेला. दुसरा वाटेत त्याच्या खड्ड्यात पडतो. जेवण मागतो. मग राहतोच. वर्षामागून वर्षं जातात, स्ट्रॉबेरी लावतात, भांडतात, म्हातारे होतात. शेवटी एक आजारी पडतो.

माझ्या यजमानांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांना भरवत होते. त्या बिलने फ्रँकला ज्या रीतीने जेवण वाढलं, ते मी ओळखलं. शेंगा तशाच राहिल्या.

नंतर नात म्हणाली, आजी, गेममध्ये असं नाहीच. गेममध्ये बिल एकटा भेटतो, कडवट. फ्रँक आधीच त्याला सोडून गेलेला, मेलेला सापडतो आणि त्याची चिठ्ठी असते, रागाने भरलेली. मालिकेवाल्यांनी ते उलटं केलं. मी विचारलं, मग ज्यांनी गेम खेळला त्यांना राग नाही आला? ती म्हणाली, काहींना आला असेल, मला नाही आला. ज्या दारावरून मी खेळताना नुसती पुढे गेले होते, ते कोणीतरी उघडून दाखवलं.

रामबागकर, तुम्ही विचारलंत ती गोष्ट कशी जाणार. माझ्यापर्यंत अशी आली.

पारिजात

काकू, नमस्कार करते तुम्हाला.

जेलरोड_मेकॅनिक

काकूंनंतर काही लिहायचं धाडस होत नाही, पण एक मुद्दा राहिलाय. मूळ गेम घडवणारा नील ड्रकमन त्या मालिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक होता. म्हणजे बदल परक्याने केला नाही. घर ज्याचं त्याला ठाऊक असतं कुठली भिंत पाडली तर छप्पर राहील.

उलट उदाहरण 'स्ट्रीट फायटर', १९९४. पोरांचा जीव गेममधल्या र्‍यू आणि केन या लढवय्यांवर, सिनेमा दिला तिसऱ्याच गाइलला, कारण तो करणारा व्हॅन डॅम मोठं नाव. पण त्यातला खलनायक राउल जुलिया बघाच एकदा. तो तेव्हा आजारी होता, सिनेमा लागायच्या आधीच गेला. तरी एकेक वाक्य असं म्हणतो की बाकी सगळे फिके.

सुदामानगर_बी

आणि सॉनिक, गेममधला तो सुसाट पळणारा निळा प्राणी! एप्रिल २०१९मध्ये पहिला ट्रेलर आला, सॉनिकला माणसासारखे दात आणि बारके डोळे. जगभरातून ओरड झाली. दिग्दर्शकाने काही दिवसांतच सांगितलं, बदलतो. प्रदर्शन नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२०ला ढकललं आणि अख्खा सॉनिक परत केला. मी स्वतः अ‍ॅनिमेशनच्या कामात आहे. पूर्ण झालेल्या शॉटमधलं पात्र बदलायचं म्हणजे केस, सावल्या, डोळ्यांतली चमक, सगळं नव्याने. कोणाच्यातरी रात्री गेल्या त्यात, हे विसरू नये. पण ऐकलं, हे महत्त्वाचं. सिनेमा चालला आणि पुढचे दोनही आले.

रामबागकर काकांच्या मुद्द्याला आणखी एक पुरावा देतो. 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज', २०२३. खर्च दोन कोटी डॉलर, कमाई जवळपास तीस कोटी. तो गेम मोठा झाला तोच यूट्यूबवर लोकांना घाबरताना बघून. सिनेमात त्या गेमवर वर्षानुवर्षं बोलणारा एक यूट्यूबर वेटर म्हणून येतो आणि आपलं ठरलेलं वाक्य बोलतो. तुमच्या मुलाच्या मुकुटवाल्या डुकरासारखंच. मागे उभे राहणारे आता जगभर पसरलेत.

खजुरीबाजार

आपल्याकडच्या गेमवर सिनेमा निघेल का कधी?

सुदामानगर_बी

'राजी' खेळा. २०२०चा, पुण्यात बनलेला. राजी नावाची मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू राक्षस उचलून नेतात, ती शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलत असतात. म्हणजे तेही मागे उभे राहून बघणारेच! मधले गोष्टीचे भाग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेत. माझं आजोळ कोकणातलं, पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या मी लहानपणी बघितल्यात, पडद्यामागे दिवा आणि रामायण. राजीचा सिनेमा कोणी काढलाच तर तो खऱ्या बाहुल्यांनीच काढावा, अशी माझी फार इच्छा आहे. दोन तास नको, चाळीस मिनिटं पुरेत.

तुळशीवृंदावन

बाहुल्यांचा असेल तर मला सांगा. मी येईन.

एकटा_खेळाडू

काकू, तुमची पोस्ट वाचून मालिकेचा तिसरा भाग काल परत लावला. पहिल्यांदा बघताना मी गेमशी तुलना करत बसलो होतो, या वेळी आईला शेजारी बसवलं. भाग संपल्यावर तिने विचारलं, "तू तेव्हा रात्र रात्र हेच खेळत होतास का?" म्हणालो, हो. मग तिला जिराफाबद्दल सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहीपर्यंत.

रामबागकर

इतक्या लोकांनी मनापासून लिहिलंत. मुलाला रात्री सगळं वाचून दाखवलं. त्याने एकच विचारलं, "बाबा, तो मुस्तफा मला दाखवाल?"

पार्लर केव्हाच गेलं, तिथे आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. पण माळ्यावर माझी सामुराई सापडली, कॅसेटसकट. मुस्तफा तिच्यात नाही, मारिओ आणि काँट्रा आहेत. येत्या रविवारी घरी लावायचा विचार आहे. मेकॅनिक दादा, नवीन टीव्हीला जोडता येईल का? मागे फक्त एचडीएमआय दिसतंय. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी या. काकू, तुम्हाला न्यायला मी येतो.

जेलरोड_मेकॅनिक

येतो भिया. तुमच्या सामुराईला मागे पिवळी आणि पांढरी भोकं आहेत का बघा. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. असतील तर एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा डबा लागेल, माझ्याकडे आहे, घेऊन येतो. फक्त अँटेनाची वायर असेल तर ती नव्या टीव्हीवर लागेलच असं नाही, मग दुकानातला जुना डबा टीव्ही रिक्षात टाकून आणतो. खरं तर तोच आणतो. नव्या टीव्हीवर चित्र क्षणभर मागे राहतं, उडी चुकते.

अ‍ॅडॉप्टर लावायच्या आधी त्याच्यावरचे व्होल्ट वाचून मला कळवा. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, मी खोडरबर आणतो.